एकेचाळीस कुणी हलवला?

१

टेस राउटिओ मंगळवारी सकाळी अल्डर काउंटीच्या आरोग्य कार्यालयात आली आणि तिने खिडकीच्या फळीवर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिला याच कार्यालयाचा, ऑक्टोबरमधला: तुमच्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक सापडलेलं नाही. दुसरा शहरातल्या खाजगी प्रयोगशाळेचा, परवाचा: आर्सेनिक एकेचाळीस. दहाच्या वर गेलं की ते पाणी तोंडाला लावायचं नाही, हे तिकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. टेसच्या घरात दोन वर्षांची मुलगी होती आणि ती पाच महिने तेच पाणी पीत होती.

"यातला खोटा कोणता?" टेसने विचारलं. आवाज चढवला नाही, तरीही आख्खं कार्यालय मान खाली घालून बसलं.

शुक्रवारपर्यंत कार्यालयाचं उत्तर तयार झालं होतं. ऑक्टोबरच्या त्या पत्रावर सही कोरीन लाफेव्हची; अशी सगळी पत्रं टाईप करणं तिचंच काम. टेसला ते घर विकलं कोरीनच्या सख्ख्या भावाने. एवढं कळल्यावर डोकं चालवायची गरज कुणाला वाटली नाही. चार वाजता शेरीफची माणसं येणार, कोरीनकडून चाव्या काढून घेणार. एकवीस वर्षांची नोकरी, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, आणि अडीच हजार वस्तीचं गाव, जिथे एकदा नाव गेलं की किराणा आणायलाही तीस मैल लांब जावं लागतं.

व्हर्ना ट्रेगीरला यातलं काहीच करायचं नव्हतं. काउंटीची सगळी आकडेवारी सांभाळणं हे तिचं काम. वय एकसष्ट, नाकावर राग कायमचा मुक्कामाला, आणि माऊस वापरणाऱ्या माणसांबद्दल मनात एक जुनी अढी. ती अजूनही काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करूनच सगळं काम करायची. साडेदहाला साहेबाने, म्हणजे ग्लेन हॅस्किन्सने, तिला आत बोलावलं.

"व्हर्ना, फार काही नाही. राउटिओंची ती एक ओळ फाइलीतून काढून छापून द्या. शेरीफला पुरावा लागतो."

"मग तूच काढ की. तुझ्याकडे मोठा पडदा आहे."

"मला ते तुमचं काळं काही जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

ग्लेन तिच्याहून वीस वर्षांनी लहान. आल्यापासून दर सहा महिन्यांनी तो नवी यंत्रणा आणायच्या गोष्टी करायचा आणि दर सहा महिन्यांनी ते बारगळायचं. व्हर्ना चरफडत जागेवर आली. ऑक्टोबरची फाइल उघडायला तिने सवयीने ‘टायडी’ ही आज्ञा दिली.

कार्यालयाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेची फाइल म्हणजे नुसते आकडे आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम. टायडी तेच आकडे नीट रकान्यांत, एकाखाली एक लावून दाखवायची. ती व्हर्नानेच केलेली, आणि सगळं कार्यालय फाइल पाहायचं ते टायडीतूनच.

राउटिओंची ओळ आली. बोअरचा नंबर, नाव, पाण्याचा कठीणपणा बावन्न, नायट्रेट रिकामा, क्लोराईड एकेचाळीस, आर्सेनिक रिकामा.

म्हणजे कोरीनने पत्र चुकीचं टाईप केलं नव्हतं. फाइलीतच आर्सेनिक नव्हतं.

२

"तरी कोरीनच," ग्लेन म्हणाला. "फाइलीत फेरफार करायची मुभा तिलाही आहे. पत्र लिहायच्या आधी आकडा हलवला, झालं."

"कोणत्या दिवशी हलवला, ते तरी विचारशील?"

व्हर्ना परत जागेवर गेली. फाइलीला शेवटचा हात कधी लागला, हे काढायला तिला एक ओळ पुरली. नऊ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून सहा मिनिटं. प्रयोगशाळेच्या यंत्राने त्या महिन्याची सगळी फाइल एकदम पाठवली तीच वेळ. त्यानंतर आजपर्यंत तिला कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

ती कोरीनच्या टेबलापाशी गेली. कोरीनने खोका भरायला घेतला होता. त्यात एक कप होता, नातवाचा फोटो होता आणि बर्फात घालायचे बूट. कामावरून कुणी काढायच्या आधीच आवरून ठेवायचं, असा तिचा स्वभाव.

"तू फाइल बदलली नाहीस," व्हर्ना म्हणाली.

"मला माहीत आहे. मी नाही बदलली, हे मला माहीत असणारच ना."

"मग गप्प का बसलीस? तीन दिवस झाले."

"काय बोलू? डेनी माझा भाऊ आहे, हे खरं. पत्रावर सही माझी, हेही खरं. माझं कोण ऐकणार?"

"तुला तो आकडा विचित्र नाही वाटला? एवढ्या वर्षांत इतकी पत्रं टाईप केलीस."

कोरीनने बूट खोक्यात दाबून बसवले. "वाटला होता. त्या भागातल्या पाण्यात मीठ नसतं, मग क्लोराईड एकेचाळीस कुठून? असं आधीही एकदा दिसलं होतं, तेव्हा मी विचारलंही होतं."

"कुणाला?"

"उत्तर मिळालं होतं. जाऊ दे आता."

"अगं, कुणाला विचारलंस ते सांग ना."

"व्हर्ना, चार वाजता माझं सगळं संपणार आहे. तोपर्यंत मला हे आवरू दे." आणि तिने पाठ फिरवली.

क्लोराईडबद्दल विचारायला माणूस एकच, असं व्हर्नाने धरलं. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतला आर्वो निस्कानेन.

३

आर्वो प्रयोगशाळेत पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भाजकी मोठी करंजी, खात बसला होता. पास्टीवर सॉस घालायचा नाही यावरून त्याचं आणि व्हर्नाचं तीस वर्षांचं भांडण होतं, पण आज तिने त्याच्या ताटलीकडे पाहिलंही नाही.

"राउटिओंचा नमुना. यंत्र काय म्हणालं होतं?"

आर्वोने बोटं पुसली, कपाटातून कागदी पट्ट्यांचा गठ्ठा काढला आणि नेमकी पट्टी तिच्यासमोर धरली. यंत्र आकडे फाइलीत पाठवतं तेव्हाच असल्या पट्टीवर छापतंही. पट्टीवर लिहिलं होतं: आर्सेनिक एकेचाळीस.

"मग फाइलीत ते क्लोराईडमध्ये कसं गेलं?"

"माझ्या यंत्रातून गेलं नाही. त्या बोअरमध्ये क्लोराईड नाहीच. नायट्रेटही नाही. ही बघ, दोन्ही जागा रिकाम्या."

"रिकाम्या का? शून्य का नाही लिहीत तुम्ही?"

"सापडलं नाही म्हणजे शून्य आहे असं नव्हे, बाई. शून्य लिहिलं की मी शपथेवर सांगितल्यासारखं होतं. रिकामं सोडलं की एवढंच म्हणणं, की मला दिसलं नाही. माझ्या आधीचा म्हातारा हेच करायचा, मीही तेच करतो."

"कोरीनने तुला हे क्लोराईडचं विचारलं होतं?"

"कोरीनने? ती या जिन्यावरून वर्षानुवर्षं उतरलेली नाही. गुडघे बघितलेस का तिचे?"

व्हर्ना जिना चढताना दोनदा थांबली, आणि तिचे गुडघे चांगले होते. यंत्रातून एकेचाळीस आर्सेनिक निघालं, फाइलीला वाटेत कुणी हात लावला नाही, आणि फाइलीत ते क्लोराईड होऊन बसलं. खोलीला आतून कडी आणि आतला माणूस मेलेला, अशातली गत. तिला असल्या गोष्टी वाचायला आवडायच्या, पण त्यात अडकायला अजिबात आवडत नव्हतं. शिवाय कोरीनने विचारलं तो माणूस आर्वो नसेल, तर मग होता कोण?

पाऊण वाजला होता.

४

पट्ट्यांचा गठ्ठा तिने आर्वोकडून वर आणला होता. आता ती एकेक पट्टी टायडीच्या रकान्यांशी ताडून पाहायला लागली. हे काम म्हणजे निव्वळ छळ. ऑक्टोबरच्या तीनशे बारा ओळी, आणि ग्लेन दर वीस मिनिटांनी दारातून डोकावून "झालं का?" म्हणायचा.

"झालं असतं तर इथे बसले असते का?"

"नुसती एक ओळ छापायची होती, व्हर्ना."

"ती एक ओळच खोटी आहे. खोटा पुरावा हवा असेल तर आत्ता देते."

तो गेला. दोन वाजेपर्यंत तिच्या हाती सहा ओळी लागल्या. सहाही ठिकाणी पट्टीवर आर्सेनिक, आणि पडद्यावर तोच आकडा क्लोराईडखाली. बाकी तीनशे सहा जुळत होत्या.

सहा घरं, काउंटीच्या सहा कोपऱ्यांत. त्यातलं डेनीने विकलेलं फक्त एक. दोन बोअर तर तळ्याकाठच्या जुन्या लोकांच्या, ज्यांना घर विकायचं स्वप्नातही सुचणार नाही. भावासाठी एक आकडा हलवणारी बाई उरलेले पाच कशाला हलवेल? कोरीन यात नाही, एवढं आता व्हर्नाला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि चार वाजता शेरीफच्या माणसाला दाखवणं वेगळं. ग्लेन म्हणेल, एक लपवायला पाच जास्तीचे हलवले. त्याला असली अक्कल ऐनवेळी बरोबर सुचते.

तिने विचार केला, यंत्र कधीकधी एखादा स्वल्पविराम खात असेल. स्वल्पविराम गेला की पुढचं सगळं एक घर, म्हणजे एक रकाना, मागे सरकणार. हे पटण्यासारखं होतं. तिने प्रत्येक ओळीत किती घरं आहेत ते मोजायची आज्ञा दिली. पडद्यावरून उत्तरं धावत गेली: सहा, सहा, सहा, सहा. तीनशे बारा वेळा सहा. एकही स्वल्पविराम कमी नाही की जास्त नाही.

तिने कीबोर्ड पुढे ढकलला. पस्तीस वर्षं ती हे काम करत होती आणि एका आकड्याने तिला भर दुपारी वेड्यात काढलं होतं. खरंच संताप आला. यंत्र बरोबर, फाइल बरोबर, स्वल्पविराम बरोबर, आणि तरी आकडा चुकीच्या जागी.

मग चिडूनच, बाकी काही सुचेना म्हणून, तिने टायडी बाजूला ठेवली आणि साध्या दुसऱ्या आज्ञेने विचारलं: राउटिओंच्या ओळीतलं फक्त सहावं घर दाखव. सहावं म्हणजे आर्सेनिकचं.

पडद्यावर आलं: एकेचाळीस.

५

तीच फाइल, तीच ओळ. एक आज्ञा सांगत होती आकडा पाचव्या रकान्यात आहे, दुसरी सांगत होती सहाव्या. दोघींतली एक खोटं बोलत होती.

व्हर्नाने फाइल उघडीनागडी, काहीही न सजवता पडद्यावर आणली. असं तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला करूही दिलं नव्हतं. कच्ची फाइल उघडायची नाही, चुकून एखादी कळ दाबाल आणि वाट लावाल, हा तिचाच नियम होता.

राउटिओंच्या ओळीत बावन्ननंतर तीन स्वल्पविराम एकमेकांना चिकटून होते, आणि त्यांच्यापुढे एकेचाळीस. आर्वोची दोन रिकामी घरं. तिने उरलेल्या पाच ओळी पाहिल्या. पाचही ठिकाणी आर्सेनिकच्या आधी तीन स्वल्पविराम चिकटून. मग आर्सेनिक असलेल्या, जुळणाऱ्या ओळी पाहिल्या. त्यात कुठे एक घर रिकामं होतं, कुठे एकही नव्हतं. आर्सेनिकच्या आधी लागोपाठ दोन घरं रिकामी, असं त्यातल्या एकीतही नव्हतं.

आता तिने टायडीच उघडली आणि ती ज्या आज्ञांची बनली होती त्या वाचल्या.

रकाने एकाखाली एक लावणारं जे जुनं अवजार आहे, त्याला एक खोड आहे. दोन स्वल्पविराम लागून आले की ते त्यांना एकच समजतं, म्हणजे मधलं रिकामं घर गिळून टाकतं. जाणत्या माणसाला हे ठाऊक असतं. म्हणून जाणता माणूस आधी एक पाऊल टाकतो: जिथे दोन स्वल्पविराम लागून असतील तिथे मध्ये एक मोकळी जागा घालतो, मग रकाने लावतो. टायडी करणाऱ्याला ते ठाऊक होतं. त्याने मोकळी जागा घातली होती.

पण एकदाच. मोकळी जागा घालणारी आज्ञा ओळीवरून एका दिशेने जाते आणि मागे वळून पाहत नाही. शाळेतली मुलं जोडीजोडीने हात धरून निघतात तशी ती स्वल्पविरामांच्या जोड्या लावते. तिघे असले की पहिले दोघे जोडीने निघून जातात आणि तिसरा एकटा राहतो. त्याच्या आधीच्या घरात मोकळी जागा पडतच नाही, आणि पुढचं अवजार ते घर गिळून टाकतं. हीच आज्ञा लागोपाठ दोनदा द्यायची असते. दुसऱ्या फेरीत तिसऱ्यालाही जोडीदार मिळतो.

ही चूक अडाणी माणसाकडून होणारच नाही. अडाणी माणसाचे आकडे एका रिकाम्या घरानेसुद्धा सरकले असते, आणि पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती. ही अर्धवट जाणणाऱ्याचीही नाही. ही त्याची, ज्याला सगळं येतं, आणि ज्याने एकदा करून पाहिलं, बरोबर आलं, आणि परत पाहिलं नाही.

टायडीच्या डोक्यावर तारीख होती. चौदा नोव्हेंबर, चौदा वर्षांपूर्वीची. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. गाडीत बंदुका आणि शिधा भरून नवरा खाली भोंगा वाजवत होता, हे तिला लख्ख आठवलं. एक रिकामं घर असलेली ओळ तिने तपासली होती. नीट दिसली. मग ती जिना उतरून गेली होती.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

ती कोरीनच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. खोका बांधून झाला होता.

"तू विचारलं होतंस ते कुणाला?"

कोरीनने तिच्याकडे पाहिलं. "खरंच आठवत नाही तुला?"

"नाही."

"तुला. पाच-सहा वर्षं झाली. कागद घेऊन आले होते मी तुझ्याकडे. तू मान वर न करता म्हणालीस, रकान्यात जे दिसतं ते टाईप कर, कोरीन. विचार करायला तुला ठेवलेलं नाही."

व्हर्नाला ते खरोखरच आठवेना. आठवलं असतं तर निदान शरमायला काही हाती लागलं असतं. असं ती रोज कुणाला ना कुणाला म्हणायची.

"मग सकाळी सांगायचंस की मला. ग्लेनला सांगायचंस."

"त्याने तुलाच विचारलं असतं. आणि तू म्हणाली असतीस, टायडी कधी चुकत नाही. मग?"

व्हर्ना अगदी हेच म्हणाली असती.

"टायडी चुकते," ती म्हणाली. "चौदा वर्षं चुकतेय. चूक माझी आहे. तुझा यात काही संबंध नाही, आणि हे मी आत जाऊन सांगतेय. चल माझ्याबरोबर."

"तू जा. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

ग्लेनने सगळं ऐकून घेतलं. तीन चिकटलेले स्वल्पविराम त्याने पडद्यावर बोट ठेवून मोजले, एकदा टायडीत पाहिले, एकदा कच्च्या फाइलीत. त्याला कळलं, हे त्याच्या कानांवरून कळलं. ते लाल झाले.

"शेरीफला मी फोन करतो, येऊ नका म्हणून," तो म्हणाला. "कोरीनचं मिटलं. पण चौदा वर्षं म्हणजे... व्हर्ना, हे बाहेर बोलू नका अजून. वकील सोमवारी भेटतील."

"मिटलं? तिची माफी कोण मागणार?"

"सोमवारी सगळं बघू ना."

"आज शुक्रवार आहे, ग्लेन. शनिवार-रविवार लोक पाणी पिणार नाहीत का?"

"अहो, तुमचीच नोकरी जाईल यात. मी तुमच्यासाठीच सांगतोय."

"जाऊ दे. माझ्याच कर्माचं फळ आहे ते." हे तिने रागाने म्हटलं, पण राग ग्लेनवर नव्हता, आणि त्यालाही ते समजलं असावं. तो फोनकडे वळला.

जागेवर येऊन तिने चौदा वर्षांच्या सगळ्या फाइली एकत्र केल्या, मोकळी जागा घालणारी आज्ञा दोनदा दिली, आणि जिथे जिथे आर्सेनिक दहाच्या वर असून क्लोराईडखाली लपलं होतं त्या ओळी काढल्या. सर्वात मोठा आकडा सर्वात वर येईल अशा लावल्या. एकशे सत्त्याऐंशी घरं निघाली. तिने यादी छापली आणि पहिल्या पानावरची नावं वाचली. निम्मी ओळखीची होती.

शेजारी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. कोरीन कोट घालूनच बसली होती. तिने यादीची खालची पानं उचलली आणि दुसरा फोन आपल्याकडे ओढला.

"तू घरी जा," व्हर्ना म्हणाली. "ही माझी चूक आहे."

"पत्रांवर सही माझी आहे. लोक मला ओळखतात." तिने व्हर्नाकडे पाहिलं नाही. "आणि माझ्याशी बोलू नकोस आज. फक्त नंबर लाव."

कोरीनने पहिला नंबर फिरवलासुद्धा. व्हर्नाने वरचं नाव पाहिलं. एल्मर सोर्सा, पाईक तळ्याचा रस्ता, नमुना अकरा वर्षांपूर्वीचा, आर्सेनिक एकशे अठरा. घंटा बराच वेळ वाजली. तिला वाटलं, कुणी उचलू नये. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"मिस्टर सोर्सा, मी काउंटीच्या आरोग्य कार्यालयातून बोलतेय. तुमच्या बोअरच्या पाण्याबद्दल."

"छान आहे की पाणी. तुमचं पत्र आहे ना इथे, फ्रिजवर लावून ठेवलंय," तो म्हणाला. "जरा धरा हं, कॉफी झालीय, ओतून येतो. दोघांची आहे, बायको वाट बघतेय."

"मिस्टर सोर्सा, थांबा," व्हर्ना म्हणाली. "कपात ओतू नका. मोरीत ओता."

त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचं तिला ऐकू आलं, आणि मग लांबून एका बाईचा आवाज, काय झालं म्हणून विचारणारा.